दुर्पताची लेक मिरची तोडायला गेली

गोंदिया जिल्ह्यात सालेकशापलीकडच्या एका टोल्यावर, लहानशा वस्तीत, दुर्पता राहते. नवरा रायपूरला बांधकामावर. दरवर्षी ती गावच्या बायकांसोबत तेलंगणात मिरची तोडायला जायची, पण यंदा कुशीत दोन महिन्यांचं बाळ होतं. टोळी नेणारी गीताबाई म्हणाली, पोरीला धाड, माझ्या नजरेखाली राहील. लेक चंचल बारा वर्षांची. दुर्पतानं हो म्हटलं आणि शाळेत सांगितलं, पोरगी मामाकडे गेली.

पंधरा दिवस फोन नाही. मिरचीचं वावर दुर्पताला चांगलंच ठाऊक होतं. फवारलेल्या औषधाचा वास, भगभगणारी बोटं, छातीत अडकणारा ठसका. बाळाला पाजतानाही तेच डोळ्यांपुढे येई.

सोळाव्या दिवशी सकाळी कुणाच्या तरी फोनवरून चंचल बोलली. आवाज पार बसला होता.

"आई, हात लय जळून राहिले. खोकला थांबत नाही. गीताबाई जाऊ देत नाही."

फोन कटला. मग त्या नंबरवर दिवसभर फोन बंद असल्याची तेलुगूतली टेप वाजत राहिली.

दुर्पता बाळ घेऊन शाळेत गेली आणि चंचलच्या वर्गावरच्या भूमेश्वरी मॅडमना खरं सांगून मोकळी झाली. मॅडमनी मुलांच्या मदतीचा नंबर लावायला घेतला, तशी तिनं त्यांचा हात धरला.

"मालेच पकडतीन का, मॅडम? पोरीले आश्रमात ठेवतीन का?"

"विचारतील तुला. खोटं सांगून चालणार नाही."

दुर्पतानं त्यांचा हात सोडला. "लावा," ती म्हणाली.

तेलंगणातल्या त्या गावाचं नाव तिला फोनवर धड सांगता येईना. मागल्या वर्षी पाहिलेला कालवा, रस्त्यावरचं देऊळ, आठवेल ते तिनं सांगितलं. पुढचे चार दिवस तिनं फोन पदराला बांधून काढले. गीताबाईचा नवरा इतवारी दारात येऊन बोलून गेला, की टोळीवर पोलीस घातलेस.

पाचव्या दिवशी पोलिसांनी चंचल आणि आणखी तीन मुलींना सोडवून गोंदियात आणलं. बालकल्याण समितीपुढे दुर्पतानं सांगितलं, मीच धाडली. चंचल तिच्याकडे बघत नव्हती. शाळा सोडवणार नाही असं लिहून घेतल्यावर पोरगी तिच्या हाती दिली. डॉक्टर म्हणाले, कातडी भरून येईल, छाती मात्र दर महिन्याला दाखवा.

आता चंचल शाळेत जाते, आईशी कामापुरतं बोलते. ती खोकली की दुर्पता हातातलं टाकून दारात येते.