हिरव्या जीपचा पोचा

परवा बासरचं दर्शन उरकून आम्ही नार्नूरला नणंदेकडे पोळ्याला निघालो होतो. उटनूरच्या अलीकडे ह्यांनी असा काही ब्रेक मारला, की माझ्या मांडीवरचा चिवडा थेट डॅशबोर्डवर! मला वाटलं शेळी आडवी आली... कसलं काय. रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमागे जुनी अ‍ॅम्बॅसडर दिसली होती.

जुन्या गाड्या म्हणजे आमच्या ह्यांचा जीव की प्राण. लग्नात माझ्याकडे पाहिलं नसेल एवढं वरातीच्या फियाटकडे पाहिलं होतं. "पाचच मिनिटं" म्हणत आत शिरले, आणि मी बडबडत मागोमाग.

आत गेल्यावर मात्र माझी बडबड थांबली. विटांवर चढवलेली एक फियाट, दारं काढलेली अ‍ॅम्बॅसडर, आणि चिंचेखाली एक हिरवी जीप... इतकी चकचकीत की तिच्यात बघून मी टिकली सरळ केली.

हे शेड गंगाधरभाऊंचं. बेल्लमपल्लीकडे खाणीच्या वर्कशॉपमध्ये नोकरी केली, आता जुन्या गाड्या पुन्हा उभ्या करतात. पार्ट मिळत नाहीत, मग पत्रा ठोकून स्वतःच घडवतात! जीपवर उन्हाळ्यापासून खपत होते म्हणे. हे तर मडगार्डवरून हात फिरवत नुसतं वा, वा करत होते.

तेवढ्यात जीपचे मालक ऑटोतून उतरले. धोतर-टोपीतले थकलेले आजोबा, दृष्टी पूर्ण गेलेली, हाताला धरून मुलगा. जीप बंद पडल्यापासून बाबा शेताकडेसुद्धा फिरकले नाहीत, असं मुलगा सांगत होता. जाईन तर माझ्याच जीपमधून, नाहीतर घरीच बरा... हा त्यांचा हट्ट. आज त्यांना जीपमधूनच घरी न्यायचं होतं.

आजोबांनी पुढच्या मडगार्डवर हात ठेवला. फिरवला. परत फिरवला... आणि मागे सरकले.

"हे माही जीप नोहे."

मुलानं समजावलं, हॉर्न वाजवून दाखवला, स्टिअरिंगवर हात नेऊन ठेवला. आजोबा ऐकेनात. माझी विकली आणि दुसरीच आणली, म्हणाले, आणि ऑटोकडे वळले. मला इतकं वाईट वाटलं! गंगाधरभाऊंचा चेहरा तर पाहवेना. "काऊन बा, काय झालं?" त्यांनी हळूच विचारलं.

"पोचा कुठी गेला?"

जीप पहिल्यांदा गावात आली त्या दिवशी आजोबांचा मोऱ्या बैल बुजला आणि त्यानं मडगार्डला शिंग मारलं. तो पोचा आजोबांनी कधी काढू दिला नाही. चढताना दरवेळी त्यात बोटं टेकवायची, मग पाय वर. आणि गंगाधरभाऊंनी नेमका तोच काढला होता. काढणारच हो, पोचे काढणं हीच तर त्यांची कला.

वाद घालता आला असता. पण ते शेडमध्ये गेले, गोल डोक्याची हातोडी घेऊन आले आणि आजोबांना म्हणाले, "बोट ठिवा बा, कुठी होता?"

ह्यांनी तर डोळेच मिटून घेतले. ठण्ण! कित्येक महिन्यांची मेहनत, आरशासारखा रंग... तडकला. आजोबांनी चाचपलं आणि अजून खोल पाहिजे म्हणाले. पुन्हा ठण्ण. तिसऱ्यांदा मारल्यावर चारही बोटं आत बसली, आणि आजोबा अस्से हसले म्हणून सांगू!

मग त्यांनी मुलाकडून डबी मागून घेतली. हळद-लोणी. पोळ्याच्या आदल्या दिवशी इकडे बैलांचे खांदे हळद-लोण्यानं मळतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात. आजोबांनी ते सगळं पोच्यात चोळलं, खाली वाकले आणि जीपला हळूच म्हणाले,

"आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

माझ्या डोळ्यांना धारा... आमचे हे उगाच चष्मा पुसत होते. आजोबा जीपमधून गेले, आणि गंगाधरभाऊ तसेच हातोडी धरून बघत राहिले.

माझं काही बिघडलं तर मी दुसऱ्यावर ढकलते. चांगलं झालेलं मोडायची तर गोष्टच सोडा, रांगोळीचा एक ठिपका पुसवत नाही माझ्याच्यानं. गंगाधरभाऊ, तुम्ही जीप छान केलीच होती... पण त्या तीन ठोक्यांसाठी तुम्हाला दंडवत.