उसवलेली लोकर

रविवारी दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. बायको लेकीच्या होणाऱ्या बाळासाठी क्रोशाचं पट्ट्यापट्ट्यांचं पांघरूण विणत होती. टाके उठावाचे, हाताला दाणेदार लागणारे. लोकर मात्र जुनीच. मागच्या खेपेला बाळ हाती लागलं नाही, तेव्हा विणलेलं सगळं तिने उसवलं होतं. ती लोकर धुतली, ताणली, तरी तिच्यातली वळणं गेली नाहीत.

"नवी आणतो ना," मी म्हणालो.

"हिने काय पाप केलंय?"

दुसऱ्यांदा आशा धरताना माणसाला पहिल्यापेक्षा जास्त शीण होतो.

शेवटच्या पट्ट्याशी तिने सुई बाजूला ठेवली. "एवढा पट्टा बाळ आल्यावर विणेन," म्हणाली.

आता लेकीचा फोन आला की आम्ही आधी एकमेकांकडे बघतो, मग उचलतो.