लोवेनाने हिरवा खरवडला तो दिवस

माझं दुकान पोर्थकेरा बंदराच्या धक्क्यावर होतं. दोरखंड, गळ, डांबर, तंबाखू आणि होड्यांना लावायचे रंग. सगळे रंग, हिरवा सोडून. हिरवी बोट समुद्र परत देत नाही, असं आमचे कोळी मानतात. मी मानत नाही. पण हिरवा डबा आणून विकणार कोणाला?

लोवेना नॅनकॅरो आमच्याच गावची, जाळी विणणाऱ्याची मुलगी. युद्धात विमानांच्या कारखान्यात पत्रे रंगवायला गेली आणि परतली ती चित्रकार होऊन. तीही नव्या तऱ्हेची. तिच्या चित्रातलं बंदर शोधावं लागे. "हे काय गं?" विचारलं की म्हणे, "वारा." बाकीचे चित्रकार बाहेरून आलेले, त्यांचे सूर्यास्त खपत. हिचा वारा कोण घेणार? घर चालायचं ते नवऱ्याच्या, जोरीच्या मासळीवर, आणि सासू केझाया हे चारचौघांत ऐकवायची संधी सोडत नसे.

दर मार्चला चित्रकार आपापले रंगकामाचे माळे लोकांना बघायला उघडे ठेवतात. गाव ठेवणीतल्या टोप्या घालून येतं, फुकटचे केशर घातलेले बन खातं, चित्रांना नावं ठेवतं. संध्याकाळी चित्रं आगगाडीने लंडनला जातात. त्या वर्षी लंडनचे गॅलरीवाले मिस्टर फेन स्वतः आले होते. लोवेनाचं लाकडी फळीवरचं मोठं चित्र पाहून म्हणाले, "आजच्या गाडीने पाठवा. माझ्या भागीदारांना पटलं तर तुमच्या एकटीचं प्रदर्शन करू." इतक्या वर्षांत तिला असं कोणी म्हटलं नव्हतं.

आणि त्याच दिवशी वादळ. दुपारपर्यंत सगळ्या बोटी परतल्या. जोरीची 'रेचल' तेवढी नाही.

केझाया चॅपलची काळी टोपी घालून सुनेच्या माळ्यावर आली. तिने ते चित्र तोवर पाहिलं नव्हतं. माझा बन हातातच राहिला.

"ही कुठली बोट?"

लोवेना ब्रश पुसत राहिली.

"विचारतेय मी. कुठली बोट?"

"'रेचल', आई."

"'रेचल' निळी आहे."

"चित्रात हिरवी आहे."

"माझा मुलगा तिच्यात आहे, आणि तू तिला हिरवी केलीस?"

वाऱ्याने खिडकीची तावदानं थडथडत होती.

"आई, हा नुसता रंग आहे. ट्यूबमधला."

"मग पुसून टाक. नुसता रंगच आहे ना?"

मिस्टर फेन पुढे झाले. "बाई, त्या हिरव्यावरच सगळं चित्र उभं आहे!"

"तुम्ही गप्प बसा. तुमचं कोण आहे त्या बोटीत?"

खाली हमाल ओरडला, वॅगन भरतेय, चित्रं आणा. लोवेना खिडकीपाशी गेली. बंदराच्या तोंडाशी नुसता पांढरा फेस उसळत होता. ती परत आली आणि तिने रंगाची सुरी उचलली.

"मला यातलं काही पटत नाही, आई," ती म्हणाली, आणि खरवडायला लागली.

तो आवाज मला अजून आठवतो, तवा खरवडावा तसा. हिरव्या सालपटांचा ढीग तिच्या बुटांवर साचत होता. फेन तोंड फिरवून उभे. केझायाचे ओठ हलत होते. प्रार्थना होती की शिव्या, देव जाणे. दोन्हींत तिचा हात धरणारा गावात कोणी नव्हता.

अर्धी बोट खरवडून झाली आणि धक्क्यावरून आरोळी आली, "'रेचल'! 'रेचल' दिसली!"

सुरी थांबली. फेन धावले. "झालं ना आता? भरून काढा लवकर. वेळ आहे अजून!"

लोवेनाने ट्यूब उचललीसुद्धा. केझाया जिन्यावरून मागे वळली. "हात लावलास तर बघ! अजून धक्क्याला लागलेली नाही ती."

बंदराच्या तोंडाशीच बोटी फुटतात, हे कोळ्याच्या बायकोला सांगावं लागत नाही. लोवेनाने ट्यूब खाली ठेवली आणि चित्र हमालाच्या हाती दिलं. अर्धी बोट, अर्धं उघडं लाकूड.

जोरी सुखरूप आला. वाऱ्याचा जोर जरा ओसरेपर्यंत भूशिराच्या आडोशाला नांगर टाकून सगळे पत्ते खेळत बसले होते! केझायाने त्याला आधी मिठी मारली, मग मुस्कटात दिली.

भागीदारांना ती खरवडलेली बोटच आवडली. प्रदर्शन झालं, मग आणखी झाली, संग्रहालयांनी चित्रं घेतली. लोवेना जन्मभर रंग लावून खरवडत राहिली. हिरवा मात्र पुन्हा कुठल्याच चित्रात आला नाही. मी एकदा डिवचलं, "काय गं, बसला का विश्वास?"

"जोरी समुद्रावर जातो तोवर विचारू नका, पास्कोकाका."

केझाया गेली. 'रेचल' मोडीत निघाली. जोरीचे गुडघे गेले तसा तो घरी बसला. मग एके दिवशी लोवेना दुकानात आली, इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "काका, हिरवा मागवून द्याल?"

डबा घेऊन मीच गेलो. जोरी खाली शेगडीपाशी बसला होता. मी म्हटलं, "चल, धक्क्यावर ऊन आहे."

"आज नको. ती हिरवा लावतेय. आज मी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही."

तेवढ्यात माळ्यावरून हाक आली, "जोरी, आहेस ना?"

"आहे," तो ओरडला. "रंगव तू."