सैल काडीची तक्रार

सदर व्यक्ती स्त्री असून वय अडतीस. वैवाहिक स्थिती : घटस्फोटित. अवलंबून असणारे : मुलगी एक, इयत्ता आठवी. वास्तव्य : भावाच्या घरातली मागची खोली, तात्पुरते, चौथे वर्ष चालू. व्यवसाय : चष्म्याच्या दुकानात दुरुस्ती. ओळखण्याची खूण : बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता कानाकडे बघते, कारण काडी तिथे बसते.

दुकानातले आरसे संपतात तिथे, मागच्या भिंतीला, तिचं टेबल. वाचनालयातला ग्रंथपाल तिथे पहिल्यांदा आला तो डावी काडी सैल झाली म्हणून. विधुर, नीटनेटका, खोकून मग बोलणारा. तिने स्क्रू आवळून दिला. पुढच्या आठवड्यात काडी पुन्हा सैल. मग पुन्हा.

“बाई, यांची काडी सैल आहे की नाकच वाकडं?” मालकाने विचारलं.

“काडीच,” ती म्हणाली.

काडीच होती. पण स्क्रूच्या खाचेत ओरखडे होते, भाजीच्या सुरीच्या टोकाने पडावेत तसे. गृहस्थ घरी बसून स्वतःच स्क्रू सैल करत होते. भिंगाखाली हे स्वच्छ दिसलं. ती कुणाला बोलली नाही, पण तेव्हापासून तो एक स्क्रू ती अर्धवट आवळू लागली. एवढं वाईट काम तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं.

“समोर चहा बरा मिळतो म्हणे,” एकदा तो काडीला उद्देशून म्हणाला.

“आज काम आहे.”

“मग पुढच्या खेपेला.”

घरी मुलीने विषय काढलाच. “आई, हल्ली कामावर जाताना पावडर लावतेस.”

“काचा पुसायला लागते.”

“गालावर?”

मग चहाचं सांगावंच लागलं. मुलीने वही मिटली. “जा ना,” ती म्हणाली. “मामीला मी सांगते, जास्तीचं काम आहे म्हणून.” पुढच्या खेपेला हो म्हणायचं, असं दोघींच्या संमतीने ठरलं. पुढचे काही दिवस भावजयीचे टोमणेसुद्धा तिला नीट ऐकू आले नाहीत.

ती खेप शनिवारी, ऐन गर्दीत आली. त्याच वेळी तिच्या पूर्वीच्या नवऱ्याचा फोन : या सुट्टीतही मुलीला न्यायला जमणार नाही, तूच तिला नीट समजावून सांग. फोन खांदा आणि कान यांच्यामधे धरून ती ऐकत राहिली आणि ट्रेमधल्या चष्म्यांवर हात आपापले चालत राहिले. स्क्रू घट्ट आवळायचा, वर निळ्या द्रावणाचा थेंब सोडायचा. तो सुकला की स्क्रू मेला तरी हलत नाही.

“हे काय लावलंत?” समोरून कुणीतरी विचारलं.

“आता निघणार नाही,” ती मान वर न करता म्हणाली. हे वाक्य ती दिवसभर म्हणत असते.

“सुरीनेसुद्धा?”

“कशानेच नाही.”

त्याने चष्मा लावला, जरासा खोकला आणि गेला. लग्नातली चूक लक्षात यायला तिला बरीच वर्षं लागली होती. ही बाटलीचं बूच लावेपर्यंत लक्षात आली, त्याला प्रगती म्हणायला हरकत नाही. ती दारापर्यंत धावली. रस्त्यावर सगळेच पाठमोरे होते.

दुकानाच्या दृष्टीने तक्रार कायमची निकाली निघाली. मालक खूश झाला.

तिने महिनाभर वाट पाहिली. मग सुट्टीच्या दिवशी मुलीचं कार्ड घेऊन ती वाचनालयात गेली. हाताला आली ती कादंबरी उचलली. एक घटस्फोटित बाई मुलीला घेऊन नव्याने संसार उभा करते, अशी. मलपृष्ठावरच्या मजकुरानुसार शेवट गोड होता.

“त्या दिवशी मी फोनवर होते,” ती त्याच्या कानाकडे बघत म्हणाली. “हाताला सवय असते. चहाचं मी...”

मागे रांग होती. त्याने तारखेचा शिक्का मारला आणि पुस्तक तिच्याकडे सरकवलं.

“चष्मा एकदम घट्ट आहे, ताई,” तो म्हणाला.

इतक्या खेपांत त्याने तिला कुठल्याच नात्याने हाक मारली नव्हती.