व्हेरी आणि फेअरली

हे सांगायचं मी आजवर टाळलं. चळवळीच्या आठवणी विचारल्या की सभा-मोर्च्यांचं सांगायचो. हे नाही.

फोर्टातल्या एका कंपनीत कारकुनाची जागा होती. काळाचौकीच्या आमच्या चाळीतून मी आणि दिनकर गेलो. दोघांचेही वडील गिरणीत. पण तो गिरगावात मामाकडे राहून शिकलेला. आधी मला बोलावलं. साहेब मराठीच. इंग्रजी कितपत येतं, विचारलं. मी छाती काढून म्हणालो, "व्हेरी व्हेरी वेल, सर."

साहेब शेजारच्याकडे वळून हसला. "गिरणगावात इंग्रजीसुद्धा भोंगा वाजवून बोलतात."

कान तापले. मी उठलो. "काम येतं का ते विचारा, साहेब. हसं करून घ्यायला आलो नाही." आणि बाहेर पडलो.

जागा दिनकरला मिळाली. परतताना ट्राममध्ये विचारलं, "तू काय म्हणालास?"

"फेअरली वेल. म्हणजे बऱ्यापैकी. अरे, ज्यांना चांगलं येतं ते व्हेरी म्हणत नाहीत. फेअरली म्हणायचं नि गप्प बसायचं. समोरचा काय ते समजतो."

"मग आधी सांगायचंस की रे!"

"मला वाटलं, तुला ठाऊक असेल."

कुठून असणार? आमच्याकडे कमी सांगितलं की कमीच मिळायचं.

त्याचा इस्त्रीचा शर्ट दिसला की मी तोंड फिरवायचो. त्याच्या आईने दिलेला पेढा मी मोरीत टाकला.

मग संयुक्त महाराष्ट्राचे मोर्चे सुरू झाले. दिनकर कामावरून थेट यायचा. एकदा नाक्यावर पोरं विचारत होती, आपल्या सभांची खबर पोलिसांना कोण देतं? मला काहीच माहीत नव्हतं. मी म्हणालो, "साहेबांशी इंग्रजीत कोण बोलतं ते बघा."

एवढंच. नाव घेतलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कमी बोललो आणि सगळ्यांना सगळं समजलं.

सकाळी दिनकरच्या दाराला डांबर फासलेलं होतं. नळावर त्याच्या आईशी कोणी बोलेना. त्यांनी चाळ सोडली.

साहेबापुढे उठलो, त्याचा अभिमान आजही आहे. नाक्यावर बोललो तो मात्र मत्सर होता. त्याला चळवळीचं नाव देणार नाही.

म्हातारपणी दिनकर शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर भेटला. "बरा आहेस ना रे?" त्यानेच विचारलं. मी तोंड उघडलं आणि क्रिकेटबद्दल बोललो. पुढे तो वारला.

चाळीत अजून त्याला फितूर म्हणतात. या गणपतीत मंडपात उभा राहून सांगणार आहे, दिनकर फितूर नव्हता, खोटं मी बोललो. कोणाला काय म्हणायचं ते म्हणू दे. चाळ ऐकेल. ज्याने ऐकायला हवं होतं, त्याच्यासमोर मी क्रिकेटबद्दल बोलत बसलो.