प्रेमानंदभाऊंची फुंकर

इंदोरा वस्तीत कोणाच्या लेकराच्या डोळ्यात कचरा गेला, की आई त्याला काखोटीला मारून थेट प्रेमानंद डोंगऱ्यांच्या दारात उभी राही. दवाखाना नंतर, आधी प्रेमानंदभाऊ. प्रेमानंदभाऊ बँड पार्टीत ट्रम्पेट वाजवायचे, आणि त्यांच्या छातीत मावते तेवढी हवा अख्ख्या वस्तीत कोणाच्या छातीत मावत नाही, असं सगळ्यांचं ठाम मत होतं. प्रेमानंदभाऊंचं तर फारच ठाम.

ते लेकराला ओट्यावर बसवत, त्याची हनुवटी वर करत आणि गाल फुगवत. गाल असे फुगत, की मिशीची टोकं कानाकडे वळत आणि डोळे खोबणीतून उडी मारतील की काय असं वाटे. मग एक लांबलचक फूऽऽ! लेकरू आधी दचके, मग खुदकन हसे, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहे आणि कचरा गायब होई.

"पाहा, निंघाला का नाही?" प्रेमानंदभाऊ मिशीवर हात फिरवत विचारत.

आतून कौसल्याबाईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज येई, "थुकाबी गेला असंल डोळ्यात!"

तिकडे प्रेमानंदभाऊ लक्ष देत नसत. उन्हाळ्यात दिवसभर लोकांच्या कूलरचं गवत बदलायचं, पंप दुरुस्त करायचे, आणि संध्याकाळी लाल कोट चढवून वरातीत उभं राहायचं, असा त्यांचा आयुष्यभराचा क्रम. कूलरवाला म्हणून त्यांना कोणी ओळखलं नाही तर चाले. ट्रम्पेटवाला म्हणून ओळखलं नाही, तर ते तिथल्या तिथे तोंडानेच ट्रम्पेट वाजवून दाखवत. एकदा बँकेच्या रांगेत वाजवला होता.

या फेब्रुवारीत कौसल्याबाईंच्या बहिणीच्या मुलाचं, जितेंद्रचं, लग्न निघालं. घरचं लग्न! प्रेमानंदभाऊंनी कोटाची सोनेरी झालर नवी लावून घेतली आणि ट्रम्पेट इतका घासला, की त्यात बघून कौसल्याबाईंनी केसांत गजरा माळला.

वरात इंदोऱ्यातून निघाली आणि कामठी रोडवरच्या लग्नाच्या लॉनकडे सरकू लागली. सरकू लागली म्हणजे नाचत होती. पुढे जात होती की मागे, ते सांगता आलं नसतं. पांढराशुभ्र सूट घातलेला जितेंद्र घोडीवर घाबरून ताठ बसला होता. डोंगऱ्यांची मुलगी भावना आपल्या चार वर्षांच्या आम्रपालीला कडेवर घेऊन ट्रम्पेटच्या मागोमाग चालली होती. आमू आबाजींच्या प्रत्येक सुरावर मान डोलावत होती.

मेट्रोच्या पुलाखाली वरात आली, तेव्हा तर प्रेमानंदभाऊंचं भानच हरपलं. पुलाखाली वाजवायला त्यांना फार आवडे. सूर वर जाई, काँक्रीटवर आपटे आणि दुप्पट होऊन अंगावर कोसळे. वरून मेट्रो गेली, तर त्यांनी तिलाही एक सलामी दिली. खाली लोक शिट्ट्या मारत होते, मावश्या फुगडी घालत होत्या, आणि कोणीतरी प्रेमानंदभाऊंच्या तोंडात गरमागरम मिरचीभजा कोंबला. तो त्यांनी दोन सुरांच्या मधल्या जागेत गिळला.

तेवढ्यात जितेंद्रच्या एका मित्राने चमकी उडवायची नळी पिरगळली. फाट्! सोनेरी चमकीचा पाऊस पडला. सगळ्यांनी माना वर केल्या. आमूनेही केली, डोळे आणि तोंड सताड उघडं टाकून.

"आऽऽई!"

ट्रम्पेट अर्ध्या सुरात थांबला. ट्रम्पेट थांबला म्हणून ढोल थांबला, ढोल थांबला म्हणून नाच थांबला, आणि घोडी आपली आपणच थांबली. आमू एका हाताने डोळा खसाखसा चोळत होती आणि पुलाच्या वरपर्यंत जाईल असा सूर लावून रडत होती.

"काय झालं वं? काहून रडून राहिली?"

"चमकी गेली डोळ्यात!"

मग काय, वरातीतला प्रत्येक माणूस डोळ्यांचा डॉक्टर झाला. कोणी म्हणालं, रुमालाचं टोक पिळून फिरवा. कोणी म्हणालं, चोळू द्या, चोळल्यानं कडेला येते. एक आजोबा एरंडेल आणायला निघालेसुद्धा. घोडीवरून जितेंद्र आपला शेला पुढे करत म्हणाला, "मावशी, हा घे, मऊ आहे!"

"हटा गा, हटा! प्रेमानंदभाऊले येऊ द्या!"

गर्दी दुभंगली. प्रेमानंदभाऊ लाल कोटात, छाती पुढे काढून आले. नातीची हनुवटी वर केली. गाल फुगले. सगळ्यांनी श्वास रोखले.

फूऽऽऽ!

मग आमूने असा टाहो फोडला, की आधीचं रडणं नुसती तालीम वाटावी.

"आबाजी, तिखऽऽट!"

मिरचीभजा! प्रेमानंदभाऊंनी दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबलं. गर्दीत कोणीतरी फस्सकन हसलं, कोणीतरी त्याला चापट मारली. प्रेमानंदभाऊंच्या मिशा खाली आल्या. सगळ्या वस्तीची लेकरं बरी केली आणि आपल्याच नातीला झोंबवलं! त्या पुलाच्या खांबात शिरता आलं असतं, तर ते शिरले असते.

"झालं तुमचं? सरका आता," कौसल्याबाई म्हणाल्या.

गेल्या उन्हाळ्यात कूलरच्या गवताची काडी खुद्द प्रेमानंदभाऊंच्या डोळ्यात गेली होती. चोळून चोळून त्यांनी डोळ्याचा टमाटर केला, तेव्हा कौसल्याबाईंनी त्यांना ओढत डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं होतं. डॉक्टरबाईंनी चांगलंच झापलं होतं. डोळा चोळायचा नाही, रुमाल फिरवायचा नाही, कोणाकडून फुंकून घ्यायचं नाही. हात धुवायचे, स्वच्छ पाणी ओतायचं. काही रुतून बसलं असेल तर हातही लावायचा नाही, सरळ दवाखान्यात यायचं. 'फुंकून घ्यायचं नाही' या शब्दांवर प्रेमानंदभाऊ भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले होते. कौसल्याबाईंनी मात्र सगळं नीट ऐकून ठेवलं होतं.

"भावना, तिचे हात धर. चोळू देऊ नोको," असं म्हणत त्या रस्त्याच्या कडेच्या उसाच्या रसवाल्याकडे गेल्या, त्याच्याकडून साबण मागून घेतला आणि मनगटापर्यंत हात धुतले. वरातीत वाटायला आणलेल्या पाण्याच्या बाटल्यांतली एक सीलबंद बाटली फोडली. रसवाल्याच्या बाकावर बसून त्यांनी आमूला मांडीवर आडवं घेतलं आणि डोकं दुखऱ्या डोळ्याच्या बाजूला कलतं केलं, म्हणजे पाणी चांगल्या डोळ्याकडे जाणार नाही.

"उघड वं माय डोळा."

आमूने दोन्ही डोळे आणखी घट्ट मिटले.

"उघड ना वं, चॉकलेट देतो," मावश्या म्हणाल्या. नाही. "घोडीवर बसवतो," जितेंद्र म्हणाला. नाही. पापण्या ओढून उघडायला कौसल्याबाई तयार नव्हत्या. त्यांनी वर पाहिलं. नवरा खांबाला टेकून उभा होता, ट्रम्पेट काखेत, चेहरा उतरलेला.

"भावनाचे बाबा, असे काय उभे राहिले? वाजवा!"

"मी?" प्रेमानंदभाऊ तोंडावरचा हात न काढता म्हणाले.

"तिकडं दूर उभं राहून वाजवा. ते बेडकासारखं तोंड करा, जे सगळ्या लेकराईले दाखवता. तुमच्या फुंकरीनं नाही, ते तोंड पाहून हासतात अन् डोळ्यातून पाणी येते म्हणून कचरा निंघते!"

इतक्या वर्षांचं गुपित भर वरातीत फुटलं. पण आमू हुंदके देत होती, आणि मानापमानाला वेळ नव्हता. त्यांनी ट्रम्पेट ओठांना लावला, गाल फुगवले आणि फुंकलं. पण त्यातून सूर निघालाच नाही. निघाली ती बकरी.

ब्याँऽऽऽ!

पुलाने ती बकरी दुप्पट करून परत दिली. घोडी फुरफुरली. आमूचा हुंदका मध्येच अडकला. तिने चांगला डोळा किलकिला केला. समोर आबाजींचे गाल दोन टरबुजांएवढे झालेले, डोळे गरगरीत, मिशा आभाळात.

ब्याँ! ब्याँऽऽ!

आमू हसली. हसता हसता दोन्ही डोळे उघडले, आणि कौसल्याबाईंनी नाकाच्या बाजूने पाण्याची बारीक धार सोडली.

"मिचकाव, मिचकाव. असं, शाबास. अजून मिचकाव."

प्रेमानंदभाऊ आता थांबेनात. बकरी झाली, म्हैस झाली, बिघडलेला कूलर झाला. ढोलवाल्यालाही राहवलं नाही, त्याने हळूच ठेका धरला. बाटली संपत आली, आणि आमूच्या ओल्या गालावर एक इवलासा सोनेरी ठिपका घसरत आला. भावनाने तो बोटाच्या टोकावर उचलून धरला.

"निंघाली!"

असा जल्लोष झाला, की रस्त्यापलीकडचे ई-रिक्षावाले काय झालं बघायला धावत आले. एरंडेल घेऊन परतलेले आजोबा बाटली हातात धरूनच नाचू लागले. प्रेमानंदभाऊंनी कौसल्याबाईंचा ओला हात धरून एक गिरकी घेतली. त्या "अवो, लोक पाहून राहिले!" म्हणत होत्या आणि हात सोडवून घेत नव्हत्या. मग कौसल्याबाईंनी जितेंद्रच्या मित्रांकडून उरलेल्या सगळ्या नळ्या गोळा करून रसवाल्याच्या बाकाखाली ठेवल्या.

लॉनवर लग्न लावणारे भंतेजी येऊन बसले होते, नवरीकडचे फोनवर फोन करत होते. वरात पुढे निघाली, ती नवरदेवाच्या पुढ्यात घोडीवर बसलेल्या आमूला घेऊन. भावना एका बाजूने तिचे पाय धरून चालली होती. आमू हात हलवून रस्त्यावरच्या लोकांचे नमस्कार स्वीकारत होती, जणू लग्न तिचंच आहे.

दुसऱ्या दिवशी डोळा किंचित गुलाबी दिसत होता, म्हणून आजी-आबाजी तिला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. डॉक्टरबाईंनी दिवा लावून पाहिलं. ओरखडा नव्हता, काही उरलंही नव्हतं.

"कोणी धुतला डोळा?" त्यांनी विचारलं.

"आजीनं पाणी टाकलं अन् आबाजीनं बकरी वाजवली," आमूने सांगितलं.

डॉक्टरबाई प्रेमानंदभाऊंकडे पाहत राहिल्या. प्रेमानंदभाऊ उत्साहाने पुढे सरकले, "ट्रम्पेट नाही आणला, पण तोंडानं वाजवून दाखवू का?" आणि परवानगीची वाट न पाहता गाल फुगवले. बाहेर बसलेल्या पेशंटांनी दाराच्या फटीतून डोकावून पाहिलं. कौसल्याबाईंनी नवऱ्याला कोपराला धरून बाहेर काढलं, तेव्हा डॉक्टरबाई टेबलावर डोकं टेकून हसत होत्या.

घरी जाताना तिघं तर्रीपोह्याच्या ठेल्यावर थांबले. आमूने लालभडक, तिखट तर्रीत बोट बुडवलं आणि तोच हात डोळ्यावरची बट मागे सारायला वर नेला.

"अगंऽऽ!" दोघं एकदमच ओरडले आणि दोघांनी तिचा एकेक हात पकडला.

आता आमूचे दोन्ही हात अडकलेले आणि आजी-आबाजींचाही एकेक हात ते धरण्यात गुंतलेला. म्हणून उरलेल्या हातांनी ते तिला आलटून पालटून भरवू लागले, एक चमचा आजीचा, एक आबाजींचा. आमूही कोणाचा चमचा आधी येतो ते पाहत, पाय हलवत, तोंड उघडून बसली.