मामाच्या गावचे पेशंट

बुलढाण्याच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात भरतीचे फॉर्म मी भरते. “नशा कोणती?” असं विचारलं की आमचे पेशंट दुखावतात. नशा दारूवाले करतात, हे फक्त औषध घेतात. जिल्ह्यातले घाटावरचे खोकल्याच्या बाटल्या रिचवून येतात, घाटाखालचे कंबरदुखीच्या कॅप्सूल. दुखणं दोघांचंही कधीच थांबलेलं असतं, औषध तेवढं थांबत नाही.

एकदा डॉक्टरांनी मीटिंगसाठी गाववार नकाशा करायला सांगितला. मी हौसेने रंग भरले, बाटलीला निळा, कॅप्सूलला लाल. शेवटी एक काका आले, गाव सांगितलं धाड. मी सहज विचारलं, “धाडचा बाजार कोण्या वारी असते?”

“मले काय ठाऊक बाई? ते माह्या मामाचं गाव हाय.”

“मंग तुमचं कोणतं?”

“ते काऊन लिवता? घरात पोरगी लग्नाची हाय.”

मागचे फॉर्म काढून एकेकाला विचारलं. निम्म्यांनी मामाचं गाव दिलेलं! म्हणजे मी रंगवला तो सगळा मामांचा नकाशा. डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, “राहू द्या, मीटिंग उद्याच आहे.”

त्या नकाशावर आमचं गाव मात्र कोरं होतं. घरी जाऊन दादाला मी ऐटीत सांगितलं, “आपल्या गावचा एकबी पेशंट नाही.” दादाचा भाजीचा मळा आहे, फवारणीचा पंप पाठीवर वाहून त्याची कंबर गेलेली. “आपलं गाव चांगलंच हाय,” म्हणाला आणि कंबर धरून उठला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

पुढच्या आठवड्यात दादा कामासाठी अकोल्याला जातो म्हणून गेला. चौथ्या दिवशी तिकडच्या एका केंद्रातून मला फोन आला. फोनवर माझ्यासारखीच फॉर्म भरणारी एक बाई होती.

“ताई, तुमचे भाऊ इथं भरती हायेत. नातेवाईक म्हणून तुमचाच नंबर देल्ला त्यायनं. कॅप्सूल कवापासून घेतात?”

हा प्रश्न मी रोज परक्यांना विचारते. माझ्या सख्ख्या भावाबद्दलचं उत्तर मला माहीत नव्हतं. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त स्वतःचा राग आला.

“बरं, राहू द्या. गाव सोनाळा सांगतलं त्यायनं. बरोबर हाय ना?”

सोनाळा आमच्या मामाचं गाव. दादाच्या पोरीला रविवारी पाहुणे पाहायला येणार होते.

“हाव,” मी म्हणाले, “सोनाळाच लिवा.”